रेकी: फोंड्यातून उतरायचं, करूळने चढायचं

२०० किलोमीटरच्या बीआरएमचा, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइडचा, मार्ग आता जवळपास पक्का झालाय. कोल्हापूरचा रंकाळा, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, नांदगाव तिठा, तळेरे, वैभववाडी, करूळ घाट, गगनबावडा आणि परत रंकाळा. अंतर दोनशेच्या थोडं वर भरतं. वाद होता तो फक्त दिशेचा. सकाळच्या गारव्यात गगनबावडा गाठावा, करूळ उतरून कोकणात जावं आणि फोंड्यानं वर यावं, असं ग्रुपमधल्या बऱ्याच जणांचं मत होतं. पायांचा विचार केला तर ते बरोबरच आहे. दुपारी एक वाजता करूळ चढायला कोणाला आवडेल?

पण त्या दिशेनं गेलं तर मागे राहिलेले रायडर दाजीपूरच्या जंगलात नेमके तिन्हीसांजेला पोचतात. तो गव्यांचा पट्टा आहे आणि गवा रस्त्यावर येतो तो पहाटे नाहीतर दिवस मावळताना. वळणावर आठ-नऊशे किलोचा नर उभा असला तर सायकलवाल्याकडे ना हॉर्न असतो ना पत्रा. त्यात मधल्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नाही. म्हणून मी उलट दिशेचा आग्रह धरला आणि रेकी झाल्यावर तो आणखी पक्का झाला. सहाला सुटलं तर दाजीपूर नऊ-दहाच्या सुमारास मागे पडतं, ऊन चांगलं वर आलेलं असतं.

राधानगरीपर्यंतचा रस्ता सगळ्यांच्या सरावाचा आहे. पुईखडीचा चढ पाय मोकळे करायला पुरेसा. हळदी, परिते, कौलव पट पट जातात. पुढे शाहू महाराजांनी बांधलेल्या धरणाच्या लक्ष्मी तलावाकाठचा टप्पा इतका देखणा आहे की फोटोसाठी थांबणारच तुम्ही. थांबा, पण आवरतं घ्या, कारण वेळ पुढे लागणार आहे.

फोंडा घाट उतरताना सावलीतल्या वळणांवर दव आणि पालापाचोळा असतो. रिम ब्रेकवाल्यांनी ब्रेक दाबून धरू नये, वळणाआधी वेग कमी करावा आणि ब्रेक सोडावा. निघण्याआधी पॅड बघून घ्या. खाली फोंड्यातून वैभववाडीला आतून रस्ता आहे आणि तो जवळचा आहे. आपल्याला अंतर भरायचंय, म्हणून नांदगाव तिठ्यावर प्रश्नाचा कंट्रोल (तपासणीचा थांबा) ठेवतोय: तिथल्या एका पाटीवर काय लिहिलंय ते ब्रेव्हे कार्डावर, म्हणजे राइडच्या नोंदीच्या कार्डावर, लिहायचं. तिठ्यापासून तळेऱ्यापर्यंत मुंबई-गोवा हायवे चौपदरी आहे. ऊन सोडलं तर तिथे त्रास नाही.

आता करूळ. घाट साधारण दहा किलोमीटरचा, चढ एकसारखा. छातीवर येणारा नाही, पण मध्ये उसंतही देत नाही. काँक्रीट झाल्यामुळे खड्ड्यांची कटकट गेली. मात्र दुपारी तेच काँक्रीट खालून तापतं आणि कोकणातला दमटपणा अंगाला चिकटलेला असतो. घाटात पाण्याचा भरवसा धरू नका. वैभववाडीत दोन्ही बाटल्या भरायच्या, मीठ-लिंबू किंवा कोकम सरबत घ्यायचं आणि दहा मिनिटं सावलीत बसून मगच निघायचं. मागच्या चाकाच्या कॅसेटमध्ये (गिअरच्या चकत्यांत) सगळ्यात मोठी चकती ३२ किंवा ३४ दातांची असेल तर गुडघे दुवा देतील. ज्यांना वाटेल की आज पुरे, त्यांनी वैभववाडीतच ठरवावं. तिथून कोल्हापूरची एसटी मिळते, घाटाच्या मध्यावर काहीच मिळत नाही.

गगनबावड्याला शिक्क्याचा कंट्रोल. २०० ला साडेतेरा तास, म्हणजे सहाला सुटलेल्यांसाठी शेवट साडेसातला. गगनबावड्याचा कंट्रोल ताशी १५ च्या हिशेबानं चारनंतर थोड्याच वेळात बंद होतो. पुढे उरतात पंचावन्नेक किलोमीटर, बहुतेक उताराचे.

आणि मला खरी काळजी आहे ती याच सोप्या वाटणाऱ्या टप्प्याची. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो आणि तेव्हा गळीत हंगाम भरात असतो. असळज, कळे, कुडित्रे या पट्ट्यात ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या आणि बैलगाड्या रांगेनं कारखान्याकडे निघालेल्या असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या पाल्याखाली झाकलेला. समोरून गाडीचा अप्पर डोळ्यात गेला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. शेतकऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, रस्ता त्याचाही आहे. आपण दिसलं पाहिजे आणि आपल्याला दिसलं पाहिजे. म्हणून या राइडला मागे दोन लाइट आणि रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सुटतानाच तपासणार. नसेल तर कार्ड मिळणार नाही, ओळखपाळख चालणार नाही.

एवढाच टप्पा अंधारात पुन्हा तपासायचा राहिलाय. कळे ते बालिंगा पूल, संध्याकाळी सहा ते साडेसात, कारखाने सुरू असतानाच. सोबत येणाऱ्यांनी पुढचा लाइट पूर्ण चार्ज करून आणा. कोणत्या वळणावर स्वयंसेवक उभे करायचे ते तिथेच ठरवू.