काजू कोणाचे?

"बाई, म्हणजे काजू आमचे न्हय?"

मागच्या बाकावरून प्रश्न आला आणि माझा खडू फळ्यावरच थांबला. विचारणाऱ्या पोराच्या घरची गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बाग. मार्चात भट्टी पेटते, हुर्राक निघतो, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू.

नववीचा जगाच्या इतिहासाचा पहिला तास. यंदा काय शिकायचं ते सांगत होते. १७८९ ची फ्रेंच राज्यक्रांती, १९१७ ची रशियन. पोरांचे डोळे घड्याळावर. मग मी पुस्तक मिटलं. म्हटलं, काजू मूळचा ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात आणला. मिरची, बटाटा, पपई, सगळं अटलांटिकपलीकडचं. त्याआधी आपल्या हुमणात, माशाच्या आमटीत, तांबडी मिरची नव्हतीच. तिखटाला होती मिरी, आणि त्या मिरीच्या मागावरच वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला.

पुढच्या बाकावरच्या मुलीने हळूच डबा उघडून पाहिला. बटाट्याची भाजी, पाव. (पाव हा शब्दही पोर्तुगीजांचाच. तो उद्यासाठी राखून ठेवला.)

सगळे हसले. तो नाही हसला.

मला वाटत होतं, मी गंमत सांगतेय. त्याला बहुतेक घरातलं काहीतरी कोणी उचलून नेल्यासारखं वाटलं. "अरे, फळ तिथलं, पण फेणी इथलीच," मी म्हणाले खरी. पण तोवर घंटा झाली होती.

त्याने ऐकलं असेल का?