फिरत्या शेतीवर खापर फोडणं थांबवा

पावसाळी जंगल तुटलं की पहिलं खापर फुटतं ते फिरती शेती करणाऱ्यांवर, आणि ते वाचलं की माझं डोकंच सणकतं. अहो, ती पद्धत आधी समजून तरी घ्या! बोर्निओ, सुमात्रा या आग्नेय आशियातल्या बेटांवर बऱ्याच जमिनीत मुळात कस कमी, धो धो पावसाने सगळं धुऊन गेलेलं, जी काही अन्नद्रव्यं आहेत ती झाडाझुडपात. म्हणून लोक छोटा तुकडा तोडतात, वाळला की जाळतात, राखेतनं पोटॅश मिळतं, मातीतली आम्लता पण उतरते, मग एक-दोन वर्षं भात काढायचा आणि तण माजलं की तो तुकडा 10-15 वर्षं सोडून द्यायचा. तो पडीक दिसतो पण रिकामा नसतो, त्यात वेत असतो, फळं असतात, सुमात्रात तर भातातच रबराची रोपं लावायचे आणि पुढे त्याच रानातून चीक काढायचे.

पण कागदावर ही जमीन गावातल्या कुणाचीच नाही, सरकारी जंगल आहे, म्हणून ती पाम तेलाच्या कंपनीला दिली जाते. उरलेल्या जागेत तेवढ्याच माणसांनी पेरायचं म्हटल्यावर जंगल उभं राहायच्या आधीच पुन्हा कोयता पडतो आणि माती खंगते.

त्याहून भयंकर म्हणजे पीटच्या दलदली. हजारो वर्षांचा अर्धवट कुजलेला पालापाचोळा, काही ठिकाणी 10 मीटरहून खोल. पाम लावायला चर खणून पाणी काढलं की तो सुकतो, जमीन खचते, आणि पेटली तर आग खालून धुमसत राहते, नीट पाऊस येईपर्यंत विझत नाही. 2015 च्या एल निनोत इंडोनेशियात साधारण 26 लाख हेक्टर जळलं, धूर सिंगापूरपर्यंत गेला.

पाम झाड म्हणून वाईट नाही हां, हेक्टरी तेल सोयाबीनच्या कितीतरी पट मिळतं आणि बऱ्याच छोट्या शेतकऱ्यांच्या घरात त्याने पैसा आलाय. पण वीसेक किलोचा घड तोडला की साधारण 24 तासांत गिरणीत पोचायला हवा, नाहीतर तेलातलं आम्ल वाढतं आणि भाव पडतो. रस्ता चिखलात गेलेला, जवळ गिरणी एकच, मग ती म्हणेल तो भाव. भातासारखं कणगीत भरून ठेवता येत नाही की वेळ आली तर शिजवून खाता येत नाही.

जमीन आधी गावाच्या नावावर करा, मग पाम किती लावायचा ते त्यांना ठरवू दे. गावांचं पारंपरिक जंगल हे सरकारी जंगल नाही असं इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने 2013 मध्येच सांगितलंय, तरी नोंदी अजून फार संथ चालल्यात.