उणे तीस

काकांचं रिमोटवर उडणारं हेलिकॉप्टर दुरुस्तीला माझ्या टेबलावर आलं ते "हॉवरला उड्या मारतंय" एवढ्या तक्रारीवर; हॉवर म्हणजे हवेत एका जागी तरंगणं. त्याआधी आमच्या एका सहकाऱ्याने जायरोचा (मॉडेल स्थिर ठेवणाऱ्या भागाचा) गेन, म्हणजे सावरण्याचा जोर, दोनदा उतरवला होता आणि स्वॉशप्लेटचे (पात्यांचा कल बदलणाऱ्या तबकडीचे) तिन्ही सर्व्हो, म्हणजे तिला हलवणाऱ्या छोट्या मोटरी, बदलले होते. पैसे काकांचे गेले. मॉडेल थरथरलं की आधी गेनवर हात टाकायचा, ही खोड आमच्या कामात फार आहे. गेन जास्त असला तर स्टिकला न शिवताही मॉडेल थरथरतं. हे तर स्टिक सोडली की गुमान उभं राहायचं आणि अंगठा टेकवला की उडी. तेव्हाच रेडिओची, म्हणजे हातातल्या रिमोटची, सेटिंग उघडायला हवी होती.

मोटरच्या तारा काढल्या. त्याशिवाय मी सेटिंगला हात लावत नाही. रेडिओवर मॉनिटरचं पान (स्टिकमागे किती टक्के आज्ञा जाते ते दाखवणारं) उघडलं आणि एलेरॉनची, म्हणजे मॉडेल डावी-उजवीकडे कलवणारी, स्टिक अर्ध्यावर धरली. एक्स्पो, म्हणजे स्टिकचा प्रतिसाद मध्यावर वेगळा आणि टोकाकडे वेगळा करणारी सेटिंग, नसता तर आकडा 50 आला असता. काका वर्षानुवर्षं 30 टक्के एक्स्पोवर उडवणारे. त्याने मधला भाग मऊ होतो, म्हणजे अर्ध्या स्टिकला 39 च्या आसपास दिसायला हवेत आणि टोकाला पूर्ण 100. दिसले 61.

महिन्यापूर्वी काकांनी रेडिओ बदलला होता. जुन्यातले सगळे आकडे वहीत उतरवून नव्यात जसेच्या तसे भरले होते, अगदी निगुतीने. जुन्या रेडिओत मऊ करायला उणे 30 टाकायचे. नव्यात मऊ म्हणजे अधिक. उणे टाकलं की मधला भाग उलट तिखट होतो. ऐन मध्यावर अंगठ्याच्या तेवढ्याच हालचालीला जवळपास दुप्पट प्रतिसाद मिळत होता. इतक्या वर्षांत रेडिओ बनवणाऱ्यांचं एका चिन्हावर एकमत होऊ नये, याचा मला मनापासून राग येतो.

सहकाऱ्याचं म्हणणं, रेट, म्हणजे पूर्ण स्टिकचा एकूण प्रतिसाद, कमी करून टाक. पण रेट उतरवला की टोकाची ताकदही जाते, आणि मॉडेल अंगावर आलं की नेमकी तीच लागते. जायरोतला एक्स्पो शून्य आहे ना, तेही पाहिलं. दोन्हीकडे ठेवला तर तो एकावर एक चढतो. मग चिन्ह बदललं. मॉनिटरवर 39. गेनही पूर्वीच्या जागी नेला. फार बरं वाटलं.

मैदानात काकांना एवढंच म्हणालो, "आता मऊ लागेल हं." पहिली दोन मिनिटं हॉवर असा, की बघत राहावं. मग त्यांनी मॉडेल नाक आपल्याकडे करून जवळ आणलं आणि ते बाजूला सरकू लागलं. काकांनी अंगठा जरासा दाबला, महिनाभर दाबत होते तेवढाच. मॉडेल थांबेना. आणखी थोडा दाबला, आणि मग एकदम टोकापर्यंत. एक्स्पोचं हेच आहे: मध्यावर काढून घेतलेलं तो टोकाकडे वसूल करतो. पहिल्या अर्ध्या स्टिकमध्ये 39, उरलेल्या अर्ध्यात 61. मॉडेल आडवं पडू लागलं. मी ओरडेपर्यंत काकांनी ते कसंबसं सरळ करून थ्रॉटल होल्ड (मोटर बंद करणारा स्विच) टाकला होता. स्किड (खालचे पाय) मोडले, पाती वाचली.

"अरे, ते मेल्यासारखं झालं होतं," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त लागलं. माझा आकडा बरोबर होता. पण त्यांच्या अंगठ्याने महिनाभरात दुसरंच यंत्र शिकून घेतलं होतं आणि मी ते एका रात्रीत काढून घेतलं. मॉनिटरवर अंगठ्याची सवय दिसत नाही, पण मला ती विचारता आली असती.

नवे स्किड लावल्यावर तीन जागांच्या स्विचवर 0, 15 आणि 30 असे एक्स्पो ठेवले. दोन पॅक (बॅटऱ्या) शून्यावर, मग पुढची जागा. स्विच हलवायचा तो मॉडेल जमिनीवर असतानाच, हे बजावलं. आता कुणाचा रेडिओ बदलायचा असला की मी एक्स्पोचा आकडा उतरवून घेत नाही. जुन्या रेडिओवर अर्धी स्टिक धरतो आणि मॉनिटर काय दाखवतो ते लिहितो. चिन्ह कुठलंही असो, तो आकडा नव्यात जुळवता येतो.

काका सध्या 15 वर आहेत, अर्ध्या स्टिकला 44. तिसऱ्या जागेवरचे 30 मी तसेच ठेवलेत. त्यांनी अजून तो स्विच तिकडे नेलेला नाही आणि मीही विषय काढलेला नाही.