पायगेममध्ये पिक्सेल नाचवताना
पायथनमध्ये पिक्सेल रंगवायला मला पायगेम ही गेम बनवायची लायब्ररीच आवडते. 160 बाय 120 ची छोटी सरफेस (म्हणजे चित्र काढायची पाटी) घ्यायची, सगळं त्यावरच काढायचं आणि मग चारपट स्केल करून 640 बाय 480 च्या विंडोवर टाकायची, पिक्सेल काय मस्त चौकोनी ठसठशीत दिसतात! पण लूपमध्ये एकेक पिक्सेल रंगवत बसलं की पायथन दमतो, दर फ्रेमला 19,200 फंक्शन कॉल होतात ना. त्यापेक्षा नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचा अ‍ॅरे ठेवा आणि एका झटक्यात सरफेसवर ब्लिट करा, म्हणजे उतरवा, फक्त इंडेक्स देताना आधी एक्स मग वाय. नंतर डिस्प्ले फ्लिप करायचा, म्हणजे काढलेलं पडद्यावर आणायचं, नाहीतर स्क्रीनवर काहीच बदलत नाही. गणितज्ञ कॉनवेचा 1970 चा गेम ऑफ लाइफ (चौकटीतली घरं नियमांनी जगतात-मरतात तो खेळ) असा चालवून बघाच, त्यातला ग्लायडर नावाचा छोटा आकार दर चार पिढ्यांनी एक घर तिरका सरकतो, बघत बसावंसं वाटतं राव.