सीझरला मुकुट हवा होता का?

शेक्सपिअरचं ‘ज्युलियस सीझर’ शिकवलेल्या माणसाला एक प्रश्न चुकत नाही. वर्गात विचारतात, वाचनगटात विचारतात, मला तर लग्नाच्या पंगतीतही विचारलाय: सीझरला खरंच राजा व्हायचं होतं का हो? सीझर राजा होईल या भीतीने कट करून त्याला मारणाऱ्यांपैकी एक ब्रूटस. होय म्हटलं तर तो देशभक्त ठरतो, नाही म्हटलं तर खुनी. एकदाचा निकाल लावून मोकळं व्हायचं असतं लोकांना. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. नाटकात त्याचा पुरावा नाही, आणि तो शेक्सपिअरने मुद्दाम ठेवलेला नाही, असं माझं मत आहे.

मुद्दाम म्हणायला कारण आहे. 1599 च्या या नाटकाची कच्ची सामग्री त्याने प्लुटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाच्या चरित्रांमधून घेतली. सीझरला आजन्म डिक्टेटर केलं आणि ही तर उघड हुकूमशाही झाली, असं प्लुटार्क सरळ लिहितो. आरोपपत्रातलं पहिलं कलम व्हावं अशी गोष्ट, पण नाटकात तिचा उल्लेखही नाही.

मुकुटाचा प्रसंग घ्या. ल्युपरकाल या रोमन सणाला सीझरचा मित्र अँटनी भर गर्दीत सीझरपुढे तीनदा मुकुट धरतो, सीझर तीनदा तो बाजूला सारतो. एवढा मोठा प्रसंग, पण रंगमंचावर तो घडतच नाही. ब्रूटस आणि त्याला कटात ओढू पाहणारा कॅशिअस एका बाजूला बोलत उभे, आणि पलीकडून लोकांच्या आरोळ्या ऐकू येतात, बस्स. काय झालं ते नंतर कास्का सांगतो, पुढे कटात सामील होणारा. हा साक्षीदार कसला, तर लोकांच्या तोंडाच्या दुर्गंधीने सीझर गुदमरून पडला म्हणणारा. मुकुटावरून बोटं काढणं सीझरच्या जिवावर आलं होतं, असं तो सांगतो, पण तेही ‘मला वाटलं’ म्हणून. कोर्टात ही साक्ष दोन मिनिटं टिकणार नाही.

ब्रूटसचं मध्यरात्रीचं स्वगत मी विद्यार्थ्यांना दोनदा वाचायला लावायचो. ते सुरूच होतं निकालाने: त्याच्या मरणाशिवाय गत्यंतर नाही. कारणं मागून येतात, आणि तीही कशी! माझं त्याच्याशी वैयक्तिक वैर नाही. त्याच्या भावनांनी विवेकावर मात केल्याचं मी कधी पाहिलेलं नाही. पण मुकुट मिळाल्यावर तो बदलला तर? म्हणून त्याला सापाचं अंडं समजावं आणि कवचातच मारावं. एक माणूस ‘तर’वर मारला जातो. त्याच वेळी नोकर खिडकीत सापडलेली चिठ्ठी आणून देतो. ब्रूटस, जागा हो, अशी. रोमच्या जनतेची हाक म्हणून ब्रूटस ती वाचतो, पण अशा चिठ्ठ्या निरनिराळ्या हस्ताक्षरांत लिहून टाकायचा बेत कॅशिअसचा होता. कटवाल्यांमधला सर्वांत सज्जन माणूस फसतो तो स्वतःच्या सज्जनपणाच्या कौतुकाने. सीझरच्या महत्त्वाकांक्षेपेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते.

सीझर हाताशी लागल्यासारखा वाटतो तो एकाच ठिकाणी. बायकोच्या, कॅल्पर्निआच्या, अशुभ स्वप्नामुळे तो घरी थांबायचं ठरवतो. कटातला डेसिअस येऊन सांगतो, सिनेट, म्हणजे रोमची राज्यसभा, आज मुकुट देणार आहे, तुम्ही आला नाहीत तर त्यांचं मन बदलेल. सीझर लगेच झगा मागवतो. झालं, सापडला! पण डेसिअसने त्याच दमात आणखी एक टोचलेलं असतं: सीझर घाबरला, अशी कुजबुज होईल. सीझर उठला तो मुकुटासाठी की हसं होऊ नये म्हणून? सांगता येत नाही. ही भूमिका करणारा नटच काय ते ठरवतो.

आता अँटनी. सीझरने मुकुट तीनदा नाकारला, ही महत्त्वाकांक्षा होती का, असं तो खुनानंतर सीझरच्या प्रेतापुढे लोकांना विचारतो. मुकुट पुढे करणारा मीच होतो, हेही तो उघडपणे सांगतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही! मग सीझरचं मृत्युपत्र काढतो: प्रत्येक नागरिकाला पंचाहत्तर ड्रॅक्मा, म्हणजे चांदीची नाणी. गर्दी पेटते आणि कटवाल्यांपैकी एकाशी असलेल्या नुसत्या नावसाधर्म्यावरून सिना नावाच्या एका कवीला फाडून टाकते. पुढच्याच प्रवेशात अँटनी, सीझरचा वारस ऑक्टेव्हिअस आणि त्यांचा साथीदार लेपिडस कुणाकुणाला मारायचं त्याची यादी करत बसलेले दिसतात, आणि अँटनी तेच मृत्युपत्र मागवतो. कशाला? लोकांना द्यायच्या रकमेत काटछाट कशी करता येईल ते बघायला.

यावर कुणीतरी विचारतंच, मग खरा महत्त्वाकांक्षी कोण? ऑक्टेव्हिअसकडे बघा, मी म्हणतो. इतक्या उशिरा येतो, इतकं कमी बोलतो की परीक्षेत त्याच्यावर प्रश्नही येत नाही. फिलिप्पीच्या रणांगणावर, ब्रूटस-कॅशिअसविरुद्धच्या लढाईआधी, अँटनी त्याला डावी बाजू सांभाळायला सांगतो. तो म्हणतो, उजवी मी घेणार, डावी तू घे. का विरोध करतोस म्हटल्यावर उत्तर येतं: विरोध करत नाही, पण मी तसंच करणार. अँटनी बघत राहतो. नाटकातलं शेवटचं बोलणंही ऑक्टेव्हिअसचंच, विजयाचे वाटे करायला चला म्हणणारं. इतिहासात मात्र इ.स.पू. 27 पर्यंत वाटेकरी उरलाच नव्हता, आणि सिनेटने त्याला ऑगस्टस, म्हणजे ‘पूज्य’, ही पदवी आपणहून दिली.