तुम्ही विचारलंत म्हणून: आप्पांची बंदूक परत का दिली?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी विचारतंच, आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला 50 मीटर रायफलमध्ये ब्राँझ आणल्यापासून तर जास्तच. स्वप्नील कांबळवाडीचा, आमचाच राधानगरी तालुका, त्यामुळं पाहुणे एकदम सुरू होतात, "काय वो, सगळा तालुका बंदुकीनं गाजला आणि तुम्ही आप्पांची परत केलीसा? वारसाचं लायसन मिळालं असतं की!" मिळालं असतं, खरं आहे. आप्पा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर धाकट्या भावाच्या नावावर करता आली असती, पोलिसांचा रिपोर्ट, कलेक्टर ऑफिसचे हेलपाटे वगैरे करून. आम्ही नको म्हणून लिहून दिलं.

एक तर स्वप्नीलची रायफल आणि आप्पांची बारा बोअर यांचा काही संबंध नाही. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत या आमच्याच कोल्हापूरच्या पोरी, त्यांची बंदूक रेंजवर चालते, समोर कागदाचं टार्गेट, मागं कोच. आप्पांची सिंगल बॅरल शेताच्या रक्षणासाठी होती, आणि शेतात कोण येतं तर दाजीपूरच्या जंगलातनं गवा. आता गवा मारायला कायद्यानं बंदी, म्हणजे बंदूक घेऊन करायचं काय तर रात्री हवेत एक बार काढायचा आणि घरी येऊन झोपायचं. तेवढं काम सुतळी बॉम्ब पण करतो. खरं सांगायचं तर ती बंदूक गव्यासाठी कमी आणि गावासाठीच जास्त होती, सोप्यात दाराच्या मागं खुंटीला लटकलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी.

आणि दर निवडणुकीला ती पोलीस स्टेशनला जमा. आचारसंहिता लागली की नोटीस यायची, आप्पा बंदूक पोत्यात गुंडाळून एसटीनं न्यायचे, पावती घ्यायचे आणि निकाल लागेपर्यंत "मला काय गुन्हेगार समजत्यात काय" म्हणून चिडचिड करायचे. आम्ही त्या पावतीवरून दर वेळी आप्पांची थट्टा करायचो.

2014 ची विधानसभा. ऑक्टोबर, भात कापणीला आलेलं, आणि शेजारच्या चुलत्यांच्या ट्रॅक्टरनं आमचा बांध हातभर पोखरला. बांधावरचं भांडण काय असतं हे ज्याचं शेत आहे त्यालाच कळणार. शिव्या झाल्या, आजोबांच्या वाटणीपासूनचं सगळं निघालं, धाकट्याला कुणीतरी छातीवर ढकललं आणि तो पळत घरी आला. मी सोप्यातच होतो. कुणाकडं न बघता तो आत गेला, बाहेर आला आणि दाराच्या मागं हात घातला. खुंटी रिकामी. बंदूक पंधरा दिवसांपासून पोलीस स्टेशनला. तो तसाच उभा, हात वर, खुंटीवर. किती वेळ ते आठवत नाही, दहा सेकंद असतील नाहीतर मिनिट. मग खाली बसला आणि आई पाणी घेऊन आली. पुढच्या आठवड्यात त्याच चुलत्याचा पोरगा आमच्या मळणीला होता, आणि जेवायला पण आमच्यातच.

टीव्हीवर अमेरिकेतला गोळीबार दाखवतात, लोकं चर्चा करतात, तिथली माणसंच तसली, डोकं फिरलेली, व्हिडिओ गेम खेळून बिघडलेली, तेव्हा मला ती खुंटी दिसते. डोकी सगळीकडं फिरतात वो. व्हिडिओ गेम आमची पोरं काय कमी खेळतात? फरक एवढाच की डोकं फिरलेल्या त्या मिनिटाला हाताला काय लागतं. तिथं माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत, शंभर माणसांमागं साधारण 120. 2021 साली तिथं बंदुकीनं 48 हजारांवर माणसं गेली आणि त्यातल्या 26 हजारांहून जास्त आत्महत्या, हे कुणी सांगत नाही कारण टीव्हीवर शाळेतलाच गोळीबार येतो. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा समोर दुश्मन नसतोच, स्वतःचीच एक वाईट रात्र असते.

माझा पुतण्या टेक्सासला असतो, त्याला मी एकदा विचारलं, बंदच का करत नाहीत रे? तो म्हणाला काका, इथं तो हक्क आहे, 1791 पासून घटनेत आहे. तुमच्याकडं बंदूक का पाहिजे हे माणसानं सरकारला पटवायचं, इथं का द्यायची नाही हे सरकारनं कोर्टाला पटवायचं. 2008 ला त्यांच्या सुप्रीम कोर्टानं घरात रक्षणासाठी बंदूक ठेवणं हा वैयक्तिक हक्क आहे असं सांगितलं, आणि 2021 पासून टेक्सासात एकवीस वर्षांवरच्याला कमरेला पिस्तूल लावून फिरायला बहुतेक वेळा परवाना पण लागत नाही. पुढच्याच वर्षी त्याच राज्यात युवाल्डीच्या शाळेत 19 लेकरं आणि 2 शिक्षिका गेल्या. मारणारा अठरा वर्षांचा, रायफल रीतसर विकत घेतलेली. पुतण्याची पोरगी पहिलीत आहे, तिला शाळेत शिकवलंय, लाईट घालवायची, कोपऱ्यात बसायचं, बोलायचं नाही. ती ते व्हिडिओ कॉलवर कौतुकानं करून दाखवत होती, आमची आई उठून आत गेली.

लोकं लगेच म्हणतात, कायदा असून आपल्याकडं काय झालं, कोल्हापुरात 16 फेब्रुवारी 2015 ला कॉम्रेड पानसरेंवर सकाळच्या फिरण्यात गोळ्या झाडल्याच की. झाडल्या. ठरवून, पाळत ठेवून मारायला येणारा कलेक्टरची सही घेऊन येत नाही, आणि गावठी कट्टा आपल्या देशात मिळतो हे पण खरं, 2019 ला शिक्षा वाढवून जन्मठेपेपर्यंत नेली म्हणून तो बाजार संपला असं मी म्हणणार नाही. त्यासाठी पोलीस, तपास, कोर्ट हे वेगळं काम आहे. पण बांधावरनं पळत आलेला माणूस कट्टा शोधायला जात नाही, तो दाराच्या मागं हात घालतो. कोयता आहेच की, असं पण म्हणतात. आहे, त्या दिवशी पण पडवीत होता. कोयता घेऊन शेतापर्यंत परत चालत जायला लागतं, वाटेत चार माणसं धरतात, बायका आडव्या येतात.

धाकटा अजून म्हणतो, "मी काय झाडणार होतो व्हय, नुसती दाखवणार होतो." मी म्हणतो असू दे. पण काडतुसं आतल्या ट्रंकेत असायची, आणि खुंटीवर हात ठेवून उभा होता तेव्हा ट्रंकेची किल्ली त्याच्या दुसऱ्या हातात होती.