६५७ कुठे, ३३२ कुठे? कॉलेजची लायब्ररी पहिल्याच महिन्यात शिकून घ्या

परीक्षेचं वेळापत्रक लागलं की मुंबईतल्या कुठल्याही कॉलेजात इश्यू काउंटरपुढे रांग लागते आणि सगळ्यांना तीच चार-पाच पुस्तकं हवी असतात. वर्गात शंभर-सव्वाशे मुलं, पुस्तकाच्या प्रती दहा-पंधरा. ज्याला मिळत नाही तो "लायब्ररीत काही नसतंच" म्हणत झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतो. आत बरंच काही असतं, पण ते शेवटच्या आठवड्यात हाती लागत नाही. लायब्ररी वापरायला शिकावी लागते, आणि त्यासाठी पहिल्या सेमिस्टरचा पहिला महिना उत्तम.

आय-कार्ड हातात आलं की आधी बुक बँकेची चौकशी करा. या योजनेत सेमिस्टरभरासाठी, काही ठिकाणी वर्षभरासाठी, क्रमिक पुस्तकांचा संच मिळतो आणि परीक्षा झाली की तो परत करायचा असतो. संच मोजके असतात, अर्जाची मुदत थोडी असते आणि सूचना फलकावर लागते किंवा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये वाहून जाते. उत्पन्नाचा किंवा जातीचा दाखला लागणार असेल तर तो आधीच काढून ठेवा. खरी गरज असलेली मुलं दाखला वेळेत न आल्यामुळेच मागे राहतात.

पुस्तक बहुधा दोन प्रकारे मिळतं. होम इश्यूवर ते साधारण आठवडाभर घरी नेता येतं. रिडिंग रूमसाठी आय-कार्ड काउंटरवर ठेवायचं, पुस्तक दिवसभर तिथेच वापरायचं आणि संध्याकाळी परत द्यायचं. हा दुसरा प्रकार मुलांच्या लक्षात राहत नाही. महत्त्वाच्या पुस्तकाची एक प्रत बऱ्याचदा 'रेफरन्स' म्हणून राखलेली असते. ती घरी जात नाही, म्हणून परीक्षेच्या आठवड्यातही ती जागेवर असते. सकाळी लायब्ररी उघडताना पोहोचलात तर ती तुमची. बाकीच्या प्रती बाहेर असतील तर परत फिरू नका, नाव नोंदवून पुस्तक राखून ठेवायला सांगा. परत आलेलं पुस्तक तुमच्यासाठी एक-दोन दिवस बाजूला ठेवतात. तेवढ्यात गेला नाहीत तर ते पुढच्याला जातं.

आता कपाटांकडे. बहुतेक ठिकाणी मांडणी ड्युई दशांश पद्धतीची असते, म्हणजे प्रत्येक विषयाला एक ठरलेला आकडा आणि पुस्तकं त्या आकड्यांच्या क्रमाने. मेल्विल ड्युई यांनी ती १८७६ मध्ये मांडली. तिच्यात बी.कॉम.ची मुलं हमखास अडतात. अर्थशास्त्र ३३० ला, बँकिंग ३३२.१ ला, करविषयक पुस्तकं ३३६.२ ला, कायदा ३४० ला. पण अकाउंटन्सी ६५७ आणि मॅनेजमेंट ६५८ वर, कारण ड्युईंनी ते विषय उपयोजित विद्यांच्या सहाशेच्या गटात घातले. एकाच वर्षाच्या अभ्यासाची पुस्तकं त्यामुळे हॉलच्या दोन टोकांना असतात. तीनशेच्या कपाटासमोर उभं राहून अकाउंट्स शोधणारा रिकाम्या हाताने परत जातो.

पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर खाली चिकटवलेल्या चिठ्ठीवर वरच्या ओळीत वर्गांक, म्हणजे हा विषयाचा आकडा, आणि त्याखाली लेखकाच्या आडनावाची पहिली अक्षरं असतात. वर्गांक वाचताना चूक होते ती दशांशात. ६५७.४५ हा ६५७.५ च्या आधी येतो. पंचेचाळीस पाचापेक्षा मोठे म्हणून पुढे पाहाल तर पुस्तक दिसणार नाही. पैशांत वाचा, म्हणजे पटकन कळतं: पंचेचाळीस पैसे आणि पन्नास पैसे. मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. त्यापुढे १ लागला की कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. हिंदी साहित्य ८९१.४३ ला. म्हणजे मराठी कादंबरी ८९१.४६३ आणि हिंदी कादंबरी ८९१.४३३. एका आकड्याची चूक झाली तरी पुस्तक शेजारच्या भाषेत जातं, आणि चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक हरवल्यातच जमा असतं. म्हणून चाळून झालेलं पुस्तक स्वतः कपाटात खोचू नका, टेबलावर ठेवा. ज्या कॉलेजात स्टॅकमध्ये, म्हणजे कपाटांपर्यंत, जाऊ देत नाहीत तिथे मागणीच्या चिठ्ठीवर पुस्तकाच्या नावासोबत वर्गांक आणि दाखल क्रमांकही (लायब्ररीने त्या प्रतीला दिलेला नंबर) लिहा. नुसत्या नावावर पुस्तक शोधून आणायला शिपाईदादांना कितीतरी जास्त वेळ लागतो.

वर्गांक मिळतो ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या तालिकेत. इंग्रजी पुस्तकं सहज सापडतात, मराठीत घोळ होतो आणि त्याची कारणं अगदी ठरावीक आहेत. काही लायब्ररींत मराठी नावं रोमन लिपीत भरलेली असतात, काहींत देवनागरीत. जुन्या नोंदी युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये केलेल्या असतील तर देवनागरीत टाइप करून त्या सापडतच नाहीत. त्यात भर म्हणजे 'ॲ' हे एकच अक्षर म्हणून टाइप होतं, तसंच 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. उपाय साधा आहे. पूर्ण शीर्षक टाइप करू नका. त्यातला एखादाच वेगळा, जोडाक्षर नसलेला शब्द घाला. नाहीच आलं तर फक्त लेखकाचं आडनाव, आधी देवनागरीत, मग रोमनमध्ये. तरीही मिळालं नाही तर काउंटरवर विचारा. तालिकेत न दिसणारं पुस्तक कपाटात असू शकतं.

पुस्तक सापडलं की मुखपृष्ठामागचं पान उलटून आवृत्तीचं वर्ष पाहा. कायदा आणि कर या विषयांत हे टाळून चालणार नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यामुळे कलमांचे क्रमांकच बदलले. आयकराचा १९६१ चा अधिनियम जाऊन २०२५ चा अधिनियम १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला. जुनी आवृत्ती समोर ठेवून केलेली टिपणं संकल्पना समजायला चालतील, उत्तरपत्रिकेत कलम लिहायला नाही. इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांत मात्र जुनी आवृत्ती डोळे झाकून घ्या.

घरी बसून वापरायचा भाग वेगळा. विद्यापीठ-कॉलेजांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या एन-लिस्ट योजनेत तुमचं कॉलेज सभासद असेल तर हजारो नियतकालिकं आणि ई-पुस्तकं मोबाइलवर उघडतात. लायब्ररी तुमचं नाव आणि ई-मेल यादीत चढवते, मग युजर आयडी आणि पासवर्ड त्या ई-मेलवर येतो. गाडी अडते ती इथेच. प्रवेश-अर्ज सायबर कॅफेतून भरलेला असतो आणि त्यात ई-मेल कॅफेवाल्याचा असतो. पासवर्ड जातो त्याच्याकडे. म्हणून काउंटरवर जाऊन तुमच्या नावापुढे कोणता ई-मेल आहे ते पाहा, बदलून घ्या, आणि स्पॅमचा कप्पाही तपासा.

सभासदत्व न लागणाऱ्या गोष्टीही आहेत. 'शोधगंगा' या संकेतस्थळावर पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणागणिक वेगळ्या फाइलींत असतात. प्रकल्प करणाऱ्यांनी पहिलं प्रकरण उघडण्याआधी संदर्भसूचीची फाइल उघडावी. कोणी तरी काही वर्षं खपून केलेली पुस्तकांची यादी तिथे तयार मिळते, आणि ती घेऊन तुम्ही कपाटाकडे जाऊ शकता. मराठी प्रबंध बऱ्याचदा स्कॅन केलेले असतात. त्यातला मजकूर शोधता किंवा उचलता येत नाही, वाचूनच टिपणं काढावी लागतात. मराठी विश्वकोश पूर्ण, विनामूल्य वाचता येतो. एखाद्या विषयाची पहिली ओळख करून घ्यायला मराठीत याहून भरवशाची जागा मला माहीत नाही.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी 'सुगम्य पुस्तकालय' या ऑनलाइन ग्रंथालयाची चौकशी अवश्य करावी. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत आहे. तो लायब्ररीच्या एका तरी संगणकावर बसवून मागा, तो तुमचा हक्क आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदाही अशा वाचकांसाठी पुस्तकाचं वाचता येईल असं रूप तयार करू देतो, म्हणून "पुस्तक स्कॅन करता येणार नाही" हे उत्तर मान्य करू नका.

कॉलेजात नाहीच मिळालं तर शहर आहे. १८९८ साली स्थापन झालेलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय दादरला आहे, फोर्टात टाउन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटी, कलिनाला विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय. जाताना ग्रंथपालांचं पत्र आणि आय-कार्ड न्या, आणि कोणती पुस्तकं पाहायची ते कागदावर लिहून न्या. आधी फोन करून वेळ विचारा. पत्र मागायला संकोच करू नका, ग्रंथपालांच्या रोजच्या कामातलाच तो भाग आहे.

पावसाळ्याचंही सांगायला हवं. लायब्ररीचं पुस्तक बॅगेत ठेवताना आधी प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि छत्री त्या कप्प्यात ठेवू नका. तरी भिजलंच तर इस्त्री फिरवू नका, उन्हात टाकू नका, पानं वाकतात आणि बांधणीचा डिंक सुटतो. पुस्तक पंख्याखाली उभं करून पंख्यासारखं उघडा, वीस-पंचवीस पानांमागे एक कोरा, शोषणारा कागद घाला आणि तो ओला झाला की बदला. वर्तमानपत्र घालू नका, शाई उतरते. गुळगुळीत, चकचकीत कागदाची पानं मात्र वाळता वाळता एकमेकांना चिकटतात. असं पुस्तक पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि लायब्ररीला लगेच कळवा. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते, आणि भिजलेलं पुस्तक गुपचूप परत केलं तर ती बुरशी शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

वाचन उपक्रमांबद्दल मला जास्त बोलायचं आहे. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. प्रदर्शन लागतं, फोटो निघतात, पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. ऑक्टोबरात परीक्षा तोंडावर असते, त्या दिवशी पेटलेली आवड पुढे न्यायला कोणाकडे वेळच नसतो. वाचनकट्टा, म्हणजे दर आठवड्याला एकत्र बसून मोठ्याने वाचायची बैठक, सुरू करायचा तर जुलैत.

वेळ सकाळच्या शेवटच्या लेक्चरला लागूनच ठेवा, चाळीस मिनिटं, एक मिनिट जास्त नाही. मुलांना गाडी पकडायची असते, कित्येकांना दुपारी कामावर जायचं असतं. आठ ते बारा जण पुरे. वीस झाले की निम्मे नुसते ऐकत बसतात. मोठ्याने वाचताना छापील पानाला अडीच-तीन मिनिटं लागतात, म्हणजे आठ पानांची कथा वीस-पंचवीस मिनिटांत होते आणि बोलायला पंधरा उरतात. कादंबरी घ्यायची असेल तर ताणलेल्या जागी थांबा आणि दोन-तीन प्रती तिथेच टेबलावर इश्यूसाठी तयार ठेवा. परीक्षण लिहून आणा असं सांगितलं की पुढच्या आठवड्याला निम्मी मुलं येत नाहीत.

इंग्रजी माध्यमातून आलेली मुलं घरी फर्डं मराठी बोलतात, पण जोडाक्षरावर अडखळतात आणि चारचौघांत वाचायला लाजतात. त्यांना पहिल्या दोन-तीन बैठकांत फक्त ऐकू द्या, मग संवादाच्या दोन ओळी द्या. मालवणी किंवा आगरी बोलीतला उतारा ती बोली घरात असलेल्या मुलाकडे द्या. वर्गात गप्प असणारा मुलगा तो उतारा असा वाचतो की बाकीचे वही मिटून ऐकतात.

गाडीत वाचायच्या पुस्तकांचा एक वेगळा कप्पाही करा: दीडशे पानांच्या आतली, एका हातात मावणारी. विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर आहे, उभ्याने प्रवास करणाऱ्याला जाड ग्रंथ धरता येत नाही. परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली लगेच आत नेऊ नका, दिवसभर दाराशी ठेवा. दुसऱ्याने वाचलेलं पुस्तक उचलायला मुलांना कपाटातलं उचलण्यापेक्षा सोपं जातं.

काउंटरवर 'पुस्तक सुचवा' अशी वही असते. तिच्यात नाव, लेखक, प्रकाशक आणि कोणत्या विषयासाठी हवं ते लिहा, तारीख टाका, महिन्याने जाऊन विचारा. ज्या लायब्ररीत सुचवणाऱ्यालाच पहिला इश्यू मिळतो, तिथली वही लवकर भरते.